हरभऱ्याची एक मूठ

बाजारात हरभऱ्याची भाजी दिसली की मी आधी विकणारीची बोटं पाहते. परवा महागावच्या बाजारात तसंच झालं. गोणपाटावर कोवळ्या शेंड्यांचा ढीग, त्यावर शिंपडलेलं पाणी, आणि मागे बसलेल्या बाईच्या अंगठ्याची नि पहिल्या बोटाची टोकं हिरवट काळी, कडेला बारीक चिरा. मी बघतच उभी राहिले. ती म्हणाली, "काय पाहून राह्यल्या, ताई? भाजी पाहा ना, बोटं काय पाह्यता!" मी हसले आणि अर्धा किलो घेतली. घरी आम्ही दोघंच आहोत. अर्धा किलो भाजी निवडता निवडता नवऱ्याने विचारलं, की हे काय जनावरांसाठी आणलंस का. मी म्हटलं, निवड मुकाट्याने.

यवतमाळचं नाव काढलं की लोकांना उन्हाळा आठवतो. आमचा हिवाळा कोणाला ठाऊकच नाही. सोयाबीन निघून गेलेली वावरं पुन्हा हिरवी होतात, ती हरभऱ्याने. कापसाच्या वेचण्या चालू असतात, तूर पिवळ्या फुलांनी लगडलेली असते, आणि सकाळी स्कूटीवर निघालं की धुक्यात हँडलवरची बोटं आपली आहेत की दुसऱ्याची ते कळत नाही. हरभऱ्यातून चालत गेलं तर सलवार पोटरीपर्यंत ओली होते. ते नुसतं दव नसतं. हरभऱ्याच्या पानावर आंबट पाणी असतं, त्याला आंब म्हणतात. वाळल्यावर कातडीला चुणचुणतं. बायका सांगतात, की पहाटे फडकं अंथरून आंब गोळा करावी, पोटदुखीवर चांगली. मी कधी पिऊन पाहिली नाही. पण त्या वासाने मला एक हिवाळा आठवतो, तीन वर्षांपूर्वीचा, आणि अजूनही आठवला की कान गरम होतात.

मी शिकलेली नर्सिंग. दवाखान्यात पुष्कळ वर्षं काढल्यावर आमच्या सरांच्या संशोधनात आले. सर हृदयाचे डॉक्टर. त्यांचा प्रश्न ऐकायला साधा होता. ज्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, ती माणसं गावात, घरी, कामाधामात राहून ती कशी घेतात? त्यांचं रक्त मापात राहतं का? राहत नसेल तर का नाही? सर म्हणायचे, दवाखान्यात बसून याचं उत्तर देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. म्हणून मला स्कूटी, एक पिशवी आणि पिशवीत एक हाताएवढं मशीन. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, मिनिटाभरात आकडा. नोंद करायची, सरांना कळवायचं, गोळी कमी-जास्त करायची ती सर सांगणार. थंडीत ते मशीन रुसायचं. फार गार झालं की चालतच नाही. मग मी ते स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसायची आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

या गोळीचा कारभार मोठा नाजूक. कमी पडली तर रक्त गोठतं, जास्त झाली तर वाहतं. रक्त गोठायला किती वेळ घेतं याचा एक आकडा असतो. तुमचा-माझा एकच्या आसपास. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलीय, त्यांना तो बराच वर ठेवावा लागतो. आमच्या शोभाबाईंना अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायचं होतं. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरणार. ती गुठळी झडप अडवील नाहीतर डोक्यात जाऊन लकवा आणील. वर गेला तर कुठूनही रक्त. आता नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांना सारखं बोट टोचावं लागत नाही. पण धातूची झडप असलेल्यांना त्या चालत नाहीत. त्यांना हीच जुनी गोळी, आणि हाच अडीच ते साडेतीनचा बोळ. त्यातून बाईने रोज चालायचं.

शोभाबाई फुलसावंगीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. वय चाळीसच्या आगेमागे. लहानपणी घसा धरून ताप यायचा, सांधे सुजायचे, कोणी फारसं मनावर घेतलं नाही. त्या तापाने झडप खाल्ली. नागपूरला ऑपरेशन होऊन नवी बसली. त्यांच्या जवळ बसलं आणि सगळे गप्प झाले की छातीतून बारीक टिकटिक ऐकू येते. त्यांची जाऊ इंदूबाई म्हणायची, "आमच्या घरी घड्याळाचं काम नाई. शोभी हाये ना." शोभाबाई स्वतःच सगळ्यात आधी हसायच्या. सातवी शिकलेल्या, अक्षर सुरेख, बोलणं तोडून टाकणारं. मला त्या आवडायच्या आणि त्यांची थोडी भीतीही वाटायची.

मी त्यांचं नाव नोंदवलं ते पोळ्याच्या सुमारास. मोठा अर्ज होता. त्यात आहाराचं एक पान. ते एकदाच, सुरुवातीला भरायचं. पालेभाजी किती वेळा खाता? शोभाबाई म्हणाल्या, "कवातरी. आता काय, डाळ, वांगं, नाईतं चून-भाकर." मी 'क्वचित' वर खूण केली आणि पान उलटलं. उत्तर खरं होतं. खूण बरोबर होती. या एका पानावरून पुढे काय काय होणार आहे हे कळायला मी काही ज्योतिषी नव्हते.

दिवाळीपर्यंत त्यांचा आकडा इतका शहाण्यासारखा वागला, की सर म्हणाले, सगळे पेशंट असे असते तर मला कामच उरलं नसतं. मग थंडी पडली. हरभरा वीतभर झाला. आणि आकडा घसरला. दोनच्या खाली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, आणखी खाली. सरांनी गोळी अर्ध्याने वाढवली. तरी वर येईना.

तो दिवस मला नको इतका स्पष्ट आठवतो. अंगणात ऊन आलेलं. किसनभाऊ, म्हणजे शोभाबाईंचे यजमान, बैलाला दावं बांधत होते. इंदूबाई तूर सोलत बसल्या होत्या. मी शोभाबाईंचं बोट हातात घेतलं. टोक हिरवट काळं. मी म्हटलं, "हात धुऊन या हो, साबणाने." त्या धुऊन आल्या, तरी रंग गेला नव्हता. मी स्पिरिटचा कापूस घेऊन घासून घासून पुसला, कारण बोटाला काही लागलेलं असलं तर आकडा चुकतो. कापूस हिरवा झाला. तो फेकला, टोचलं, थेंब घेतला. आकडा दीडच्या वर गेला नव्हता.

"शोभाबाई, गोळी घेता ना?"

"घेतो ना जी. रोज. दिवा लावला का गोळी."

"मग असं कसं होतं?"

"थे मले काय मालूम? तुमची मशीन सांगन."

माझं डोकं फिरलं. एवढ्या लांबून गारठत यायचं, या बाईची झडप अडली तर गावातून यवतमाळला पोहोचेपर्यंत काय होईल ते मला दिसत होतं, आणि ही मला उलट उत्तर देते. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, शोभाबाई. माणसं बोलतात."

तुरीच्या शेंगांचा आवाज थांबला. शोभाबाई उठल्या, घरात गेल्या, देवळीतून एक कापडी पिशवी आणली आणि माझ्यासमोर उपडी केली. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. एकूण एक जपून ठेवलेल्या. "मोजा," त्या म्हणाल्या. मी मोजल्या. बरोबर निघाल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आणि मी काय विचार केला? की पट्टी रिकामी असली म्हणजे गोळी पोटातच गेली असं थोडंच आहे. फेकता येते की. मी त्यांच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्यासमोर लिहिलं: गोळ्या चुकवते. खाली सही, तारीख. सरांनी गोळी पुन्हा वाढवली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो कळसा मी स्वतःच्या हाताने घासून पुसत होते.

माणसाला एकदा वाटलं की आपल्याला कळलंय, की त्याचे डोळे बंद होतात. हे मी इतरांबद्दल नेहमी म्हणत आलेय. संशोधनात तर आणखी वाईट. तिथे आपण विचारलेल्या प्रश्नांनाच जग समजतो. माझ्या अर्जात गोळीचा रकाना होता, दारूचा होता, तंबाखूचा होता, दुसऱ्या औषधांचा होता. बोटाच्या रंगाचा नव्हता. म्हणून बोटाला रंग नव्हताच.

संक्रांत होऊन गेली होती. मी ठरल्या दिवशी गेले, तर शोभाबाई भिंतीला टेकून उन्हात बसलेल्या. नेहमीसारखं "या, मशीनवाल्या" म्हणाल्या नाहीत. हिरड्यांतून सकाळपासून रक्त येत होतं. शेजारी पाण्याचा तांब्या, चूळ भरली की लाल. दंडावर हाताच्या पंजाएवढा काळानिळा डाग. "टोपलं लागलं, ताई. बस तेवढंच." मी बोट हातात घेतलं. स्वच्छ. गोरंगोमटं, धुतलेलं बोट. पुसायला काही नव्हतंच. हे मला जाणवलं, पण त्या घाईत तसंच राहिलं. टोचलं. आकडा सातच्या पुढे. टोचलेल्या जागेतून रक्त थांबेना. मी कापूस दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने सरांना फोन लावला. सर एवढंच म्हणाले, "गोळी बंद. आत्ता निघा."

गावातल्याच एकाची जीप मिळाली. मी आणि शोभाबाई मागे, किसनभाऊ पुढे. रस्ता सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक धक्क्याला वाटायचं, आता यांच्या डोक्यात काही फुटलं तर? मी त्यांना बोलतं ठेवायचं म्हणून काहीबाही विचारत होते. काम काय चाललंय, वगैरे.

"काम कोनतं आता. खुडणी सरली," त्या म्हणाल्या. "हरभरा फुलावर आला. आता घाटे धरन. खुडणीचे दिवस लय मजेचे असतेत, ताई. शेंडे खुडले का झाडाले फुटवा येते, म्हनून वावरवाले बलावतेत. भाजी आपली आपल्याले. जेवाले तिथीच बसाचं. कवळे शेंडे, कांदा, तिखट, मीठ, कच्चं तेल, दान्याचा कूट. हातानं घोळलं का झाला घोळाणा. भाकरीवर घ्याचा. सांजीले घरी शिजवून पुन्हा थेच."

"किती दिवस खाल्लात?"

"खुडणी होती तोपावत. रोज."

"रोज?"

"रोज म्हंजे रोज. दोन टाइम. फुकटची भाजी, आन् तोंडाले चव. काहून?"

मी त्यांचा हात अजून धरलेला होता, कापसासकट. त्या स्वच्छ बोटाकडे पाहिलं. आणि मग मला सगळं दिसलं, एकदम, बाजारात दिवे लागावेत तसं. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं, ते रक्त गोठवायला मदत करतं. आमची गोळी नेमकं त्याच्याशीच भांडते. बाई दोन महिने दोन वेळा मूठ मूठ पाला खात होती आणि आकडा खाली जात होता. आम्ही गोळी वाढवत गेलो. मग हरभरा फुलावर आला, पाला बंद झाला, आणि वाढवलेली गोळी तशीच चालू राहिली. ती एकही चुकवत नव्हती म्हणूनच तिची ही गत झाली. खोटं बोलली असती, वाढवलेल्या गोळ्या खरंच फेकल्या असत्या, तर त्या दिवशी ठणठणीत असती.

"ताई, रडता काहून?" शोभाबाई म्हणाल्या. "मी मरून गिरून राह्यली का?"

"नाही हो."

"मंग? रक्त माह्यं, अन् रडू तुमाले." मग थोड्या वेळाने, पुढे बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "तुमी थे बोलून गेल्या ना, तवापासून हे रोज समोर उभे राहून गोळी देतेत. गिळली का म्हंते, आ कर. लेकरासारखं आ करतो मी. रोज." जीपच्या खडखडाटातही मला ती टिकटिक ऐकू येत असल्याचा भास झाला. मला त्या जीपमधून उतरून धावत सुटावंसं वाटलं.

दवाखान्यात चार दिवस राहिल्या. औषध दिलं, आकडा उतरला, हिरड्या थांबल्या. कुठे आत काही झालेलं नव्हतं. सरांना मी सगळं सांगितलं, घोळाण्यापासून 'आ कर' पर्यंत, आणि वाट पाहत उभी राहिले, की आता काय बोलतील. सरांनी अर्जाचं ते आहाराचं पान काढलं. "विचारलं होतं आपण," ते म्हणाले. "पोळ्याला विचारलं. आणि पोळ्याचं उत्तर पौषात वापरलं. हा अर्ज मी केलाय, तुम्ही नाही." मला ते बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. अर्ज सरांचा होता, पण 'माणसं बोलतात' हे वाक्य माझंच होतं.

घरी सोडायच्या दिवशी मी नेहमीच्या घाईने शोभाबाईंना सांगून टाकलं, "आता पुढच्या हिवाळ्यात हरभऱ्याला हात लावायचा नाही." त्या ताडकन बसल्या.

"म्हंजे खुडाले जायाचं नाई? का जायाचं, अन् साऱ्या बाया खातीन, मी पाहीन?"

सर दारातच होते. म्हणाले, "बंद कशाला? भाजी चांगलीच आहे. फक्त कधी खूप आणि कधी काहीच नाही, हे नको. रोज सारखं खा. आपण गोळी त्या हिशेबाने बसवू."

"बारा महिने?"

"जमलं तर बारा महिने."

शोभाबाई हसल्या, ऑपरेशनवाली बाई नव्हे, वावरातली बाई हसते तशा. "अवं माय! एवढंच? थे तं आमी करतोच. वाळवून ठेवतो ना भाजी, उन्हाळ्यासाठी. डब्बा भरून. सांगतलं असतं तं मी आधीच रोज मूठभर खाल्ली असती."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. आम्हा दोघांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या होत्या.

तेव्हा हंगाम सरत आला होता, पण उशिरा पेरलेल्या वावरांत कोवळे शेंडे अजून मिळत होते. किसनभाऊंनी ते आणले. सर म्हणाले होते, उन्हात नको, सावलीत वाळवा. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा गोठ्याच्या छपराखाली बाजेवर धोतर पसरलेलं, त्यावर भाजी, आणि किसनभाऊ बसून एकेक थर हलक्या हाताने उलटवत होते. मी त्यांना आणि इंदूबाईंना बोलावलं. मनात शंभरदा घोकलेलं होतं. म्हटलं, "मी चुकले. शोभाबाईंनी एकही गोळी चुकवली नव्हती. मी कागदावर खोटं लिहिलं."

मग इंदूबाई म्हणाल्या, "मंग इतके दिवस त्या बिचारीले आ करवलं, त्याचं काय?" त्या बोलल्या माझ्याशी, पण पाहत होत्या किसनभाऊंकडे. किसनभाऊ आपल्या चपलेचा अंगठा तपासू लागले. शोभाबाईंनी त्यांना तसंच दोन मिनिटं राहू दिलं. मग मला विचारलं, "कागदावरचं बदललं का?"

"बदलते."

"मले दाखवा."

भरलेली पानं यवतमाळला फाईलला लागतात, ती अशी उचलून पुन्हा गावात नेता येत नाहीत. मी म्हटलं, आणीन. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी विचारलं, "माह्यं पान आनलं का?" मी म्हटलं, नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही तेच. हसत विचारायच्या, पण विसरत नव्हत्या. आणि का विसराव्यात? झडप धातूची बसवता येते. आपल्या नावापुढे कोणी खोटारडी लिहून ठेवलं तर ते आत कुठे जाऊन अडकतं, त्याला मशीन नाही.

मधल्या काळात पुष्कळ झालं. सर आणि मी जुन्या नोंदी पुन्हा उघडून बसलो, या वेळी महिन्यांप्रमाणे लावून. कळंबकडचे एक गुरुजी होते, त्यांच्या पुढेही माझ्याच अक्षरात 'अनियमित' लिहिलेलं. फोन केला. "गुरुजी, हिवाळ्यात पालेभाजी?" म्हणाले, "अहो, मळाच आहे आमचा. पालक, मेथी, चुका, दुसरं खातो काय!" असे आणखी निघाले. सगळेच नाही. काही जण खरंच गोळ्या चुकवत होते, आणि एक आजी तर अर्धी गोळी आपल्या गुडघेदुख्या बहिणीला देत होत्या, की एवढं चांगलं औषध एकटीने कसं खायचं. पण आता आम्ही आधी चोर ठरवून मग चोरी शोधत नव्हतो. आहाराचं पान दर भेटीला भरायचं ठरलं. त्यावर मी एक प्रश्न माझ्या अकलेने वाढवला: सध्या वावरात काय आहे? सरांनी त्यातलं 'वावर' तसंच ठेवलं.

दर हिवाळ्याच्या तोंडाला आता मी फोन करत सुटते. हरभरा आला, मेथी आली, मुठीला धरून राहा. माणसं कंटाळतात. एक जण म्हणाला, "ताई, तुमच्यापेक्षा आमची सासू कमी बोलते." बोलू दे. त्यांचे आकडे थंडीत पूर्वीसारखे गडगडत नाहीत. हे मी मोठ्या तोंडाने सांगणार नाही, संशोधनात तसं बोलायला आणखी वेळ लागतो. पण स्कूटीवरून परत येताना मी गाते, हे खरं आहे. धुक्यात कोणी ऐकत नाही.

परवा बाजारातून आणलेली भाजी नवऱ्याने निवडून दिली, आणि काल मी शोभाबाईंकडे गेले. घरी नव्हत्या. इंदूबाईंनी हाताने दिशा दाखवली. वावरात दहा-बारा बायका ओळीने वाकलेल्या, चटचट शेंडे खुडण्याचा आवाज, ओट्या फुगलेल्या. जेवणाची वेळ झाली होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून घोळाणा चालला होता. एकीने शोभाबाईंच्या भाकरीवर आणखी ठेवायला हात पुढे केला, तशी त्यांनी भाकर मागे घेतली. "नको वं. माह्यी मूठ झाली."

"एका मुठीनं काय होते?"

"मशीनवाली आली, पाह्य. तिलेच विचार."

मी स्वेटरमधून मशीन काढलं. सगळ्या हसल्या. आणि पिशवीतून दुसरी एक वस्तू काढली. या वेळी सरांनी स्वतःच फाईल हातात ठेवली होती. म्हणाले, त्यांचं पान आहे, त्यांना बघू द्या.

शोभाबाईंनी पान मांडीवर घेतलं. तीन वर्षांपूर्वीचं माझं अक्षर. 'गोळ्या चुकवते.' त्यावरून एक आडवी रेघ. बाजूला: 'नोंद चुकीची. रुग्णाने एकही गोळी चुकवलेली नाही.' खाली माझी सही.

"हे खोडलं काहून नाई? अजून वाचता येते."

"खोडायचं नसतं. नियम आहे आमचा. एकच रेघ मारायची. आधी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे, आणि कोणी बदललं तेही."

त्यांनी मान हलवली. मग शब्दांवर बोट ठेवून, शाळेत वाचतात तसं, दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. आधी रेघेखालची, मग बाजूची. धुऱ्यावरच्या सगळ्या बायकांनी ऐकलं. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमची मशीन खोटं नाई बोलली, ताई. माणूसबी नाई बोललं."

"नाही बोललं," मी म्हटलं. ओढणीने डोळे टिपले.

"मंग झालं. आता रडू नका, भाकर खा. तुमच्या रक्ताले काई होत नाई."

पेशंटच्या घरचं खायचं नाही असाही एक नियम आहे. पण हे घर नव्हतं, वावर होतं. मी खाल्लं. कांदा, तिखट, कच्चं तेल आणि मागून येणारी ती आंबट चव. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि मी टोचलं. सगळ्या माना मशीनवर वाकल्या. अडीच आणि साडेतीनच्या बरोबर मध्ये.

पान परत घेताना पाहिलं. वाचताना त्यांनी जिथे बोट टेकवलं होतं, तिथे माझ्या सहीला लागून हिरवा ठसा उमटला होता. टोचण्याआधी मी नेहमीप्रमाणे स्पिरिटने बोट पुसलं होतं. पान पुसलं नाही.